तंबोऱ्याची तबली दर उन्हाळ्यात त्याच रेषेवर का उकलते?

तक्रार साधारण अशी असते. पावसाळ्यात तंबोरा वाजतो, फक्त आवाज जरा बसल्यासारखा वाटतो. दिवाळी होते, थंडी सरते, आणि फेब्रुवारी-मार्चात कधीतरी घोडीच्या (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या) शेजारून तबलीवर, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावर बसवलेल्या लाकडी झाकणावर, केसाएवढी चीर दिसते. कुणीतरी तीत गोंद भरतं, वरून पॉलिशचा हात मारतं. पुढच्या मे महिन्यात चीर पुन्हा तिथेच, आणि या खेपेला थोडी रुंद. मालक म्हणतो दुरुस्ती नीट झाली नाही. दुरुस्त करणारा म्हणतो लाकूडच कच्चं होतं. बनवणारा म्हणतो, अहो, तीन वर्षं मुरवलेलं लाकूड आहे. बहुतेक वेळा तिघंही खरं बोलत असतात.

दुरुस्तीच्या कामात ही तक्रार इतक्यांदा समोर येते की एकदा सविस्तर लिहून ठेवावं म्हटलं. खाली जे आहे ते मिरजेच्या पद्धतीच्या तंबोऱ्याला धरून आहे: तूनच्या लाकडाची तबली आणि दांडी, कडू भोपळ्याचा तुंबा, वर चपड्याचं (लाखेचं) पॉलिश. सतारीलाही जवळपास सगळं लागू पडतं. तून म्हणजे ज्याला मिरजेत लाल देवदारही म्हणतात ते झाड. हिमालयातल्या देवदाराशी त्याचा संबंध नाही, ते कडुनिंब आणि महोगनीच्या कुळातलं. लाकूड बहुतेक कर्नाटकातून येतं, भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचे.

आधी चीर बघा, गोंदाची बाटली नंतर

चांगल्या उजेडात, भिंग घेऊन चिरेच्या दोन्ही कडा बघा. एका कडेवर गोंदाचा काचेसारखा चकचकीत थर दिसतो आणि समोरची कड कोरी आहे, तर गोंद सुटला. दोन्ही कडांवर लाकडाचे बारीक तंतू उपटून आलेत, किंवा नवी चीर जुन्या गोंदाला अगदी खेटून पण कोऱ्या लाकडातून गेली आहे, तर गोंदाने त्याचं काम केलं. लाकूड ताणाने फाटलं आहे. या दुसऱ्या प्रकारात कितीही भारी गोंद आणलात तरी चीर फक्त दोन मिलिमीटर बाजूला सरकेल.

मग दिशा. चीर लाकडाच्या रेषांबरोबर सरळ लांब गेली असेल तर ओलाव्याचं प्रकरण. रेषांना आडवी किंवा तिरपी असेल, तर ओलाव्याला दोष देऊ नका. वाद्य कुठेतरी आपटलंय, गाडीत दाबलं गेलंय, किंवा घोडीखाली तबली फार पातळ कोरली आहे. आणि तबली मधून शाबूत असून काठाशी, भोपळ्याच्या सांध्यात उकलली असेल, तर संशय भोपळ्यावर घ्या. त्याबद्दल पुढे येतो.

तिसरी गोष्ट कुणी करत नाही आणि तीच सर्वांत उपयोगी आहे. चीर वर्षभर मोजा. साध्या कागदाची पट्टी आत जाते का, पोस्टकार्ड जातं का, एवढं जरी महिन्याच्या महिन्याला लिहून ठेवलं तरी पुरे. जुलैत चीर पूर्ण मिटते आणि एप्रिलमध्ये उघडते, तर लाकूड ओलाव्याबरोबर येजा करतंय. जुलैतही मिटत नसेल तर लाकूड कायमचं आकसलं आहे, आणि ते कसं, हे समजून घेतल्याशिवाय दुरुस्तीला हात लावण्यात अर्थ नाही.

कायमचं आकसतं म्हणजे काय होतं

लाकूड हवेतून ओल घेतं आणि परत सोडतं. हवेची आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकूड साधारण ६ टक्के ओलाव्यावर येऊन थांबतं. ५० टक्के असेल तर ९ च्या आसपास, ६५ ला साडेअकरा-बारा, आणि ८५ टक्क्यांच्या कोकणी श्रावणात १७-१८ पर्यंत. टक्के म्हणजे पूर्ण कोरड्या लाकडाच्या वजनाच्या तुलनेत पाण्याचं वजन. पुण्यात किंवा सांगलीत एप्रिलच्या दुपारी हवा ३० टक्क्यांच्या खालीही जाते आणि ऑगस्टमध्ये ८० च्या वर. चार मिलिमीटर जाडीची तबली हा बदल काही आठवड्यांत पचवते. वर पॉलिश असतं म्हणून थोडा उशीर लागतो, पण आतली बाजू कोरीच असते.

लांबीत लाकूड जवळजवळ हलत नाही. हलतं ते रुंदीत, आणि तेही दोन दिशांना वेगवेगळं. वाढीच्या वर्तुळांना समांतर दिशेत जेवढं हलतं त्याच्या निम्मं, कधी थोडं जास्त, गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेत हलतं. ढोबळ हिशेब करू. तबली ४०० मिलिमीटर रुंद. ओलावा ६ टक्क्यांनी बदलला. आडव्या कापाची फळी असेल, म्हणजे वर्तुळं फळीच्या पृष्ठाला समांतर, तर दर टक्क्याला पाव टक्का धरून ६ मिलिमीटर फरक. वर्तुळं फळीला उभी असतील तर दर टक्क्याला ०.१५ धरून साडेतीन मिलिमीटर. एकाच झाडाचं, एकाच वखारीतलं, तितकीच वर्षं ठेवलेलं लाकूड, नुसत्या कापाच्या दिशेने अडीच मिलिमीटरचा फरक. तबलीसाठी फळी निवडताना तिच्या तोंडाकडे बघा असं जुने कारागीर सांगतात ते यासाठी.

आता ही तबली चहूबाजूंनी भोपळ्याच्या काठाला चिकटलेली आहे. पावसाळ्यात ती रुंद व्हायला बघते, काठ जागा देत नाही. थोडी वर फुगते, तिचा बाक वाढतो. उरलेला जोर लाकडाच्या पेशींवर येतो आणि त्या चेंगरतात. चेंगरलेल्या पेशी परत फुलत नाहीत. हवा कोरडी झाली की तबली आकसायला लागते, पण मूळ रुंदीवर थांबत नाही. चेंगरलेल्या हिशेबाने आणखी आत जाते. काठ आता उलट तिला धरून ठेवतो, आणि सगळ्यात कमकुवत रेषा उकलते.

मे महिन्यात चीर सर्वांत रुंद असते आणि नेमकी तेव्हाच लोकांच्या डोळ्यांवर येते. मग ती कडक गोंदाने, लाकडाच्या भुशाने, कुणी तर एम-सील लावूनही, ठासून भरतात. जुलैत लाकडाला परत यायला जी जागा हवी होती ती आता भरलेली. पेशी आणखी चेंगरतात. पुढच्या मे महिन्यात चीर आणखी रुंद. उन्हाळ्यात ठासून भरलेली चीर ही पुढच्या वर्षीच्या चिरेची तयारी असते.

तीन वर्षं मुरलेलं, आणि तरी ओलं

बनवणाऱ्याच्या बाजूची गोष्ट इथे येते, आणि माझ्या मते मूळ दुखणं हेच आहे.

लाकूड वर्षानुवर्षं ठेवण्याचे फायदे खरे आहेत. कापताना आत राहिलेले ताण सैल होतात. पिळणारी फळी पिळून घेते, फाटणारी फाटून घेते, आणि जी सरळ राहिली तीच कामाला येते. लाकडातले काही घटक सावकाश बदलतात, आणि खूप जुनं लाकूड हवेतली ओल ताज्या लाकडापेक्षा कमी घेतं. हे सगळं मान्य. पण ओलावा ही वर्षांची कमाई नाही. इंचभर जाडीच्या फळीला एक वर्ष हा जुना आडाखा बरोबर आहे, मात्र तो ओलं लाकूड उघड्या हवेच्या पातळीला येईपर्यंतचा. त्यानंतर लाकूड हवेच्या मागे मागे फिरत राहतं. पत्र्याच्या शेडमध्ये तीन वर्षं ठेवलेली फळी ऑगस्टमध्ये काढली तर ती तीन वर्षं मुरलेली ओली फळी असते. तिच्या तबलीवर बाक उत्तम कोरला, सांधा उत्तम बसवला, तरी मार्चमध्ये ती आकसणार, कारण ती चिकटली तेव्हा १५-१६ टक्क्यांवर होती.

मिरजेत हे काम दीडशेहून अधिक वर्षं चालू आहे. शिकलगार घराण्यांनी हत्यारं सोडून वाद्यं हाती घेतली तेव्हापासून. तिथल्या जाणत्या कारागिरांचं पावसाळ्यातलं वेळापत्रक बघितलं तर तबली चिकटवण्याचं काम ते शक्यतो टाळतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याने खोट्या मालापासून थोडं रक्षण होईल. पण तबली कोणत्या महिन्यात चिकटवली हे कुठल्याच शिक्क्यावर लिहिलेलं नसतं. वाद्य घेताना हा प्रश्न विचारा. विचारलं की चांगल्या कारागिराचा चेहरा खुलतो.

वर्षं विचारू नका, वजन करा

ज्यांना स्वतः तबली बनवायची आहे किंवा बदलायची आहे, त्यांनी एक किचनचा काटा घ्यावा, ग्रॅमपर्यंत दाखवणारा. पेन्सिलने लाकडावरच तारीख आणि वजन लिहायचं. आठवड्याने पुन्हा. आकडे उतरत असतील तर लाकूड अजून ओल सोडतंय.

नेमका ओलावा हवा असेल तर फळीच्या मधल्या भागातून छोटा तुकडा कापा. टोकाजवळचा नको, टोकाकडून पाणी बाजूंपेक्षा कितीतरी वेगाने जातं, त्यामुळे टोकाचा वीतभर भाग नेहमी खोटं सांगतो. तुकड्याचं वजन घ्या, समजा ८६ ग्रॅम. ओव्हनमध्ये १०० ते १०५ अंशांवर ठेवा, दोन-तीन तासांनी काढून वजन करत राहा, उतरायचं थांबेपर्यंत. समजा ७१ वर थांबलं. १५ ग्रॅम पाणी भागिले ७१, म्हणजे २१ टक्के. उरलेल्या फळीचं वजन त्याच दिवशी २४२० ग्रॅम होतं, तर तिच्यातलं कोरडं लाकूड २४२० भागिले १.२१, साधारण २००० ग्रॅम. १० टक्क्यांवर आणायची तर ती २२०० ग्रॅमला आली पाहिजे. हा आकडा फळीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. मायक्रोवेव्ह वापरू नका, तुकडा आतून जळतो आणि हिशेब बिघडतो.

सुया टोचून ओलावा दाखवणारं मीटर हल्ली सहज मिळतं. वाईट नाही, पण ते सुया जिथपर्यंत पोचतात तेवढंच सांगतं आणि झाडाच्या जातीप्रमाणे त्यात फरक पडतो. तबली बाकदार असते, पातळ फळीतून निघत नाही. जाड ओंडक्यासारख्या तुकड्यातून कोरून काढावी लागते. त्या तुकड्याच्या वरच्या पृष्ठाला मीटर ११ दाखवेल आणि पोटात १८ असेल. कोरताना नेमकं ते पोटच तुम्ही उघडं करत असता.

म्हणून कोरायचं काम दोन टप्प्यांत करा. पहिल्यांदा बाहेरून-आतून कोरून जाडी बोटभर, १० मिलिमीटरच्या आसपास आणा आणि तशीच ठेवून द्या. आता तिचं वजन पुन्हा उतरायला लागेल, पहिल्या आठवड्यात तर चांगलंच. वाकडीही होईल. होऊ द्या, अजून मांस शिल्लक आहे. वजन थांबलं की शेवटचं कोरीव काम.

आता यातली मेख. वजन थांबलं म्हणजे वाळलं असं नाही. ऑगस्टमध्येही वजन थांबतं, आणि ते १६ टक्क्यांवर थांबलेलं असतं. लाकूड आणि खोलीतली हवा यांचं जुळलं, एवढाच त्याचा अर्थ. त्यामुळे काट्याशेजारी आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र लागतंच. दोन-चारशे रुपयांत मिळतं, आणि बरीचशी पाच-दहा टक्क्यांनी चुकीची असतात, म्हणून आधी तपासा: बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, ते झाकण आणि यंत्र एका घट्ट डब्यात बंद करून दिवसभर ठेवा. यंत्राने ७५ दाखवायला हवं. ८१ दाखवलं तर त्याच्या प्रत्येक आकड्यातून ६ वजा करायचे. मिठाचा हा नियम पक्का आहे, पाणी जास्त झालं तर मात्र नाही. मीठ विरघळून न जाता ओलसर राहायला हवं.

शेवटचे काही आठवडे कपाटात

फळी, कोरलेली तबली, घोडी, सांध्याच्या पट्ट्या, जे काही चिकटवायचं आहे ते सगळं चिकटवण्याआधी एका बंद कपाटात ठेवा आणि आतली आर्द्रता ४५ ते ५० टक्के राखा. जुनं प्लायवूडचं कपाट चालतं. तळाशी ४० वॉटचा जुना पिवळा बल्ब, खाली आणि वर एकेक बोटभर भोक, एवढ्याने पावसाळ्यातही आर्द्रता खाली येते. एलईडीचा बल्ब लावून "काही फरकच पडला नाही" म्हणणारे भेटतात. आपल्याला उजेड नको, ऊब हवी आहे. तापमान ३५-४० अंशांच्या वर जाऊ देऊ नका, आणि बल्बच्या थेट वर लाकूड टांगू नका. ज्यांच्याकडे डिह्युमिडिफायर आहे त्यांनी तो वापरावा, ते सर्वांत सोपं.

४५-५० का? कारण वाद्य आयुष्यभर ३० आणि ८५ च्या मध्ये फिरणार आहे. ५० ला चिकटवलेली तबली पावसाळ्यात थोडी दाबली जाते आणि उन्हाळ्यात थोडी ताणली जाते, दोन्ही सोसण्याइतकं. ८० ला चिकटवलेली तबली वर्षातले आठ महिने ताणातच असते. आणि अगदी कोरडी करून, ३० ला चिकटवणंही बरोबर नाही. मग पावसाळ्यात चेंगरण्याचा खेळ सुरू होतो.

ओंडक्यापासून सुरुवात करणाऱ्यांसाठी थोडं

वखारीतून ओला ओंडका आणलात तर त्याच दिवशी दोन्ही तोंडं बंद करा. मेण, जुना ऑइल पेंट, काहीही. पूर्वी शेणमाती थापत, तेही चालतं. तोंडं उघडी राहिली तर ती आधी आकसतात आणि वीत-वीत आत चिरा जातात. शक्य तितक्या लवकर गाभ्यातून कापून फळ्या करा. गाभ्याचा मध्यबिंदू ज्या तुकड्यात राहतो तो तुकडा चिरणारच, त्याच्यावर जीव लावू नका. सालीकडचा पांढरट भागही काढा, तुनीत भुंगा तिथूनच शिरतो. फळ्यांची थप्पी लावताना मधे सारख्या जाडीच्या पट्ट्या, आणि त्या एकाखाली एक सरळ रांगेत. वर वजन, खाली जमिनीपासून हातभर उंची, सावली, वारा.

ऊन नको. उन्हात बाहेरचा थर झपाट्याने वाळतो आणि ताणलेल्या अवस्थेतच कडक होतो. मग आतला भाग वाळताना त्याला आकसायला वाव मिळत नाही. फळी बाहेरून खणखणीत दिसते. कोरायला घेतली की वाकते, करवतीला चिमटते. तपासायचं असेल तर फळीच्या आडव्या छेदाची बोटभर जाड चकती कापा आणि तिचा मधला भाग काढून दोन पायांचा चिमटा बनवा. पाय सरळ राहिले तर उत्तम. आत वळून एकमेकांना टेकले तर बाहेरच्या थराने ताण धरून ठेवला आहे. अशा फळीची दांडी करा हवं तर, तबली नको.

अमावास्येला तोडलेलं लाकूड किडत नाही, फाटत नाही, हे मीही खूप ऐकलं आहे. तोडायची तिथी आपल्या हातात नसते, थप्पी असते.

जुन्या वाड्याच्या सागवानाबद्दल हमखास विचारलं जातं. सागवान फार कमी हलतं, आणि शंभर वर्षं घरात काढलेलं तर शांतच झालेलं असतं. तूनपेक्षा जड, त्यामुळे तबली पातळ करावी लागते आणि आवाजाचा पोत बदलतो. तेलकट असल्याने सांध्याच्या जागा चिकटवण्याच्या अगदी आधी ताज्या तासाव्या लागतात. खिळे शोधा, रंध्याची धार वाचेल.

आवाज कुठे बदलतो

तबलीला हलकं आणि ताठ लाकूड लागतं. घोडीकडून आलेला कंप लाकडात किती वेगाने पसरतो हे ताठपणा आणि घनता यांच्या गुणोत्तरावर ठरतं, आणि तो किती लवकर विरतो हे लाकडाच्या आतल्या घर्षणावर. पाणी तिन्ही बाबतीत वाट लावतं: वजन वाढवतं, ताठपणा कमी करतं, घर्षण वाढवतं. पावसाळ्यात "तंबोरा बोलत नाही" म्हणतात त्यात निम्मं काम याचं.

हे कानाने तपासता येतं. ज्या लाकडाची तबली करणार त्याचीच एक पट्टी काढा, ४० सेंटिमीटर लांब, ४ रुंद, ५ मिलिमीटर जाड, रेषा लांबीत. टोकापासून ९ सेंटिमीटरवर दोन बोटांच्या चिमटीत सैल धरा आणि मधोमध बोटाच्या पेराने टिचकी मारा. ९ सेंटिमीटर का, तर पट्टी वाकून कंप पावते तेव्हा त्या जागा हलत नाहीत, म्हणून तिथे धरलं की आवाज दबत नाही. दुसरीकडे धरा, नुसतं "टक" येईल. ९ वर धरा, स्वर ऐकू येईल, आणि तो मागे रेंगाळतो. मोबाइलवरच्या स्वर दाखवणाऱ्या ॲपवर तो आकडा पकडा. समजा १२८ हर्ट्झ आला. आकडा गुणिले लांबीचा वर्ग, भागिले जाडी, भागिले १.०२८, सगळं मीटरमध्ये: लांबीच्या दिशेत ध्वनीचा वेग निघतो जवळपास ४००० मीटर प्रति सेकंद. गिटार-व्हायोलिनला वापरतात ते स्प्रूस ५००० च्या पुढे जातं, पण त्याचं इथे काही अडत नाही. तंबोऱ्याचा आवाज वेगळ्या वाटेने येतो, त्यात जवारीचा, म्हणजे घोडीच्या घासून बाक दिलेल्या वरच्या पृष्ठाचा, वाटा मोठा.

आपल्याला उपयोग दोन गोष्टींचा. एकाच मापाच्या पट्ट्या दोन-तीन फळ्यांमधून काढून तुलना करता येते; स्वर उंच, वजन कमी आणि रेंगाळणं जास्त ती फळी तबलीला. आणि तीच पट्टी कपाटात ठेवून आठवड्याने वाजवली की वाळण्याबरोबर तिचा स्वर चढत जातो. वजन थांबलं आणि स्वरही थांबला, की लाकूड तयार.

पट्टी ओव्हनमध्ये भाजून "जुनं" करण्याची टूम निघाली आहे. गिटारचे कारखाने ऑक्सिजनशिवाय, दीड-दोनशे अंशांवर, मोजूनमापून लाकूड भाजतात. घरच्या ओव्हनमध्ये ते जमत नाही, लाकूड ठिसूळ होतं आणि घरात धूर.

तडकलेल्या तबलीचं काय करायचं

आधी तारा उतरवा, घोडीवरचा दाब जाऊ दे. मग वाद्य ५० टक्के आर्द्रतेत ठेवा आणि वाट बघा, तीन-चार आठवडे तरी. चीर स्वतःहून मिटली तर गरम सरस आत जिरवा, हलका दाब द्या, आणि आत हात पोचत असेल तर चिरेच्या आडव्या दिशेने तूनच्याच छोट्या पातळ चकत्या मागून चिकटवा. सरस मी मुद्दाम म्हणतो. पुन्हा उघडायची वेळ आली तर ऊब आणि ओलाव्याने तो सुटतो. पांढरा गोंद तंतूंमध्ये जिरून बसतो आणि पुढच्या दुरुस्तीला तिथे काहीच धरत नाही.

५० ला ठेवूनही चीर मिटली नाही तर लाकूड खरंच कमी पडलं आहे. मग तेवढं लाकूड परत द्यायचं: चिरेच्या कडा एकसारख्या तासून, त्याच जातीच्या लाकडाची, रेषा त्याच दिशेला असलेली निमुळती सळई बसवायची. सळईही त्याच कपाटातून निघालेली हवी. भुसा आणि गोंदाचं लुकण लाकडासारखं हलत नाही, म्हणून ते चिरेच्या एका कडेने सुटतंच.

आतून जाड पॉलिश मारून ओल रोखायचा सल्ला बरेच जण देतात. पॉलिश ओल अडवत नाही, उशिरा येऊ देतं, एवढंच. तबलीवर मात्र वजन चढतं. एक पातळ हात चालेल, थर नको.

काठाशी उकलत असेल तर

भोपळा आकाराला आणताना भिजवतात, काठ ताणून आत काड्यांचे टेकू देतात. तो बाहेरून दोन दिवसांत कोरडा लागतो. जाड काठात आणि आतल्या भुसभुशीत थरात ओल बरीच दिवस राहते. घाईत त्यावर वाळलेली तबली बसवली की पुढच्या दोन महिन्यांत काठ आत ओढला जातो आणि सांधा उघडतो. भोपळ्यालाही काटा लावा, तोच नियम.

जुलैत जवारी घासू नका

पावसाळ्यात तबलीचा बाक वाढतो, घोडी किंचित उचलली जाते, दांडीही थोडी हलते. जवारीचा तारेशी होणारा स्पर्श कागदाच्या जाडीएवढ्या फरकानेही बदलतो, त्यामुळे झंकार बंद झाल्यासारखा वाटतो. आधी जिव्याचा दोरा (तार आणि जवारी यांच्यामध्ये असतो तो) पुढेमागे सरकवून बघा, जाडी बदलून बघा. घासलेली जवारी परत भरता येत नाही, आणि ऑक्टोबरात तबली खाली आली की तीच जवारी आता उलट्या बाजूने बिघडलेली निघते. मैफल तोंडावर असेल तर वाद्य आठवडाभर त्या बल्बच्या कपाटाशेजारच्या कोरड्या खोलीत ठेवा, एसी असेल तर एसीत, थेट झोतापासून लांब.

परदेशी नेताना

न्यू जर्सी किंवा टोरांटोत थंडीत हीटर चालू झाला की घरातली हवा २०-२५ टक्क्यांवर येते. म्हणजे नागपूरचा मे महिना, पण सलग चार-पाच महिने, रात्रंदिवस. पावसाळ्यात इथून विमानाने गेलेला तंबोरा जानेवारीत तडकतो तो याच कारणाने. शक्य असेल तर वाद्य मार्च ते मे या काळात न्या, तेव्हा ते आधीच कोरडं असतं. तिथे खोलीत ह्युमिडिफायर लावून ४० च्या खाली जाऊ देऊ नका. वाद्याच्या खोळीत ओला स्पंज ठेवायचा असेल तर छिद्रं पाडलेल्या डबीत ठेवा, पाणी तबलीला लागलं तर पॉलिश पांढरं पडतं. खुंट्या या काळात सैल होऊन घसरतात. खडू लावा, ठोकून बसवू नका, नाहीतर पुढच्या जूनमध्ये फुगून दांडी फोडतील.

ढोलकी-तबल्याच्या खोडाबद्दलही विचारणा होते. तिथला सर्वांत मोठा शत्रू गाभ्याचा मध्य. खोड ओलं असतानाच आतून पोकळ करून, भिंत हव्या त्यापेक्षा जाड ठेवून, तोंडांना मेण लावून सावलीत ठेवायचं, आणि वजन थांबल्यावर शेवटचा हात फिरवायचा. शिसम आणि खैर जड आहेत, त्यांना तूनच्या दुप्पट वेळ सहज लागतो.